आंबागड : दोन वाक्यांच्या मधली चाळीस वर्षं

आंबागडला जायचं म्हणून मोबाइलवर रस्ता शोधलात तर कधी कधी एक गंमत होते. यंत्र तुम्हाला थेट छत्तीसगडात नेऊन सोडतं. तिकडे अंबागढ चौकी नावाचं गाव आहे आणि २०२२ पासून एका नव्या जिल्ह्याच्या नावातही ते आलं आहे. आपलं आंबागड ते नव्हे. आपलं आंबागड भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, तुमसर शहरापासून १३ किलोमीटरवर. सातपुड्याची एक फांदी खाली उतरत उतरत धानाच्या शेतांपाशी येऊन थांबते, तिथं एका टेकडीवर हा किल्ला आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी त्याच नावाचं गाव. रायगड-राजगडाच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांच्या वाटेवरही तो नाही. पण मला त्याच्याविषयी बोलायचं आहे, कारण या किल्ल्याचं आणि माझं एक जुनं भांडण होतं. ते मिटायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

माझं लहानपण तुमसरला गेलं. वडील मँगनीजच्या खाणीवर हजेरी लिहायचे. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही खाणींची नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. वडील संध्याकाळी घरी आले की सदऱ्याच्या कॉलरवर काळी भुकटी असायची आणि आई ती झटकल्याशिवाय त्यांना आत येऊ द्यायची नाही. मागच्या अंगणातून, दिवस मावळायच्या बाजूला, डोंगरांची एक निळी रेघ दिसायची. ‘‘तो आंबागड,’’ वडील बोट दाखवून सांगायचे. एवढंच. त्यांनीही तो कधी चढला नव्हता. सहा दिवस खाणीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी डोंगर चढायची हौस कुठून असणार?

सातवीत असताना वर्गात जिल्ह्याचा इतिहास शिकवला गेला. गुरुजींनी दोन वाक्यं सांगितली. पहिलं, आंबागडचा किल्ला राजाखान पठाण याने बांधला. दुसरं, या किल्ल्यात कैद्यांना विहिरीचं सडकं पाणी पाजून मारत असत. गुरुजी पुढच्या धड्याकडे वळले. पण वर्गातल्या पस्तीस-चाळीस मुलांनी ती दोन वाक्यं एकमेकांना जोडली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वर्गात तसा मी एकटाच होतो. मधल्या सुट्टीत एकाने माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला नकार दिला. तो थट्टा करत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आम्ही दोघं पुढेही मित्रच राहिलो. पण त्या हिवाळ्यात शाळेची सहल आंबागडला निघाली, तेव्हा मी ताप आल्याचं सांगितलं आणि दिवसभर घरी पांघरूण घेऊन पडून राहिलो.

पुढे बी. ए. झालो. नागपूरला नोकरी लागली. कविता लिहू लागलो, त्याही मराठीत. मराठीत का लिहिता, असा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो आणि मी दोन्हीकडे हसून वेळ मारून नेतो. या सगळ्यात आंबागड राहून गेला. खरं सांगायचं तर राहून गेला नाही, मी तो राहू दिला.

गेल्या नोव्हेंबरात नागपूरच्या काही इतिहासप्रेमी मंडळींनी एका दिवसाची सहल काढली. एक शहर, एक डोंगर, एक गाव, असा बेत. माणशी ठरावीक पैसे, दोन वेळचा चहा त्यांचा, दुपारचा डबा ज्याचा त्याचा. सोबत माहिती सांगायला एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, मीही सरच म्हणतो. डोंगर कोणता, हे वाचलं आणि नाव नोंदवलं. घरी बायकोने विचारलं, ‘‘आता या वयात गड चढणार?’’ मी म्हणालो, ‘‘आता नाही तर कधी?’’ गुडघ्यांचा पट्टा मात्र तिनेच पिशवीत टाकला.

सकाळी साडेसहाला आम्ही महालातल्या गांधी गेटपाशी जमलो. आंबागडची सहल नागपूरच्या महालातून का सुरू करायची, असं काहींना वाटलं. सरांचं म्हणणं असं की, गड जर झाड असेल तर त्याचं मूळ इथं आहे. ते खरंच आहे. हे गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, कोणी शुक्रवारी दरवाजा म्हणे. जवळचा गांधीसागर म्हणजे जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव. एकाच दिवसाची दोन नावं दोन भाषांत, आणि नागपूरची माणसं शेकडो वर्षं ती दोन्ही वापरत आली. मी या तलावाच्या काठावर किती संध्याकाळी काढल्या असतील, पण दरवाजावरच्या जुन्या नावाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी सरांनी ते उच्चारलं आणि मला उगाच बरं वाटलं.

नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने. साल १७०२. देवगड म्हणजे छिंदवाड्याकडचं, डोंगरातलं राज्य. राजाला डोंगर सोडून सपाटीवर एक शहर हवं होतं. नाग नदीच्या आसपास १२ लहान गावं होती. राजापूर बारसा म्हणत त्यांना. ती एकत्र बांधली आणि नागपूर झालं. सक्करदरा, हिवरी, लेंड्रा, फुटाळा, भानखेडा, सीताबर्डी ही त्यातलीच नावं. आज आपण ती ऑटोवाल्याला सांगतो. पुढे त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच इथं आणली, गावाभोवती कोट घातला, हा तलाव करवून घेतला. आम्ही ज्या दरवाजाखाली उभे होतो तो त्याच कोटाची आठवण.

बख्त बुलंद हा माणूस मोठा चक्रावून टाकणारा आहे. भाऊबंदकीत गादी हातची गेली, तेव्हा तो औरंगजेबाकडे गेला. १६८६ च्या सुमारास त्याने इस्लाम स्वीकारला, बादशहाने त्याला देवगडची गादी दिली आणि हे नावही दिलं. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. ज्याचं नशीब उंच आहे तो. पण हा उंच नशिबाचा राजा काही वर्षांतच बादशहावर उलटला, मुघलांच्या मुलखात धुमाकूळ घालू लागला, मराठ्यांशी त्याने संधान बांधलं. औरंगजेब इतका चिडला की त्याने राजाचं नावच बदललं. फर्मान काढलं की याला यापुढे ‘निगून बख्त’ म्हणावं. निगून म्हणजे उलटा झालेला, पालथा. पालथ्या नशिबाचा. मी कवी माणूस, शब्दांचा व्यवहार करतो, म्हणून मला हा प्रसंग फार आवडतो. हिंदुस्थानचा बादशहा एका बंडखोराला दुसरं काही करता येईना म्हणून त्याच्या नावाचा एक शब्द काढून घेतो! आणि गंमत बघा, लोकांनी ते फर्मान मानलं नाही. आज नागपुरात कुणालाही विचारा, तो बख्त बुलंदच आहे.

राजाने धर्म बदलला, पण घराण्याचे विवाहसंबंध गोंड घराण्यांशीच राहिले आणि गोंडी रीतिरिवाज सुटले नाहीत. त्याच्या राज्यात गोंड होते, कुणबी होते, लोधी, पोवार, कोहळी होते, मुसलमान शिपाई होते. बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून त्याने वैनगंगेच्या खोऱ्यात वसवले. या राजाला कोणत्या खान्यात बसवायचं, असा प्रश्न बसमध्ये एका बाईंनी विचारला. सर म्हणाले, ‘‘आपले खाने त्याच्या मागून तयार झाले आहेत.’’ आणि त्यांनी चहाचा कागदी कप दुमडून खिशात ठेवला. सरांचं असं आहे, फार बोलत नाहीत.

रामटेक मागे टाकून आम्ही तुमसरच्या रस्त्याला लागलो. रामटेकचा डोंगर खिडकीतून दिसला तेव्हा बसमध्ये थोडी चुळबुळ झाली. गड बघायचा तर हा बघा की, असं एकदोघांचं मत. पण रामटेक आणि शेजारचं नगरधन हा वाकाटकांचा विषय आहे आणि त्याला वेगळा रविवार हवा.

नोव्हेंबरात हा सगळा रस्ता धानाचा. काही बांध्यांत कापणी झालेली, काहींत उभं पीक, मध्येच तलाव चमकून जाई. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. हे तलाव ढगातून पडलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात रीत अशी होती की, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. त्यामुळे तलाव बांधणं हा पुण्याचाही आणि पोटाचाही व्यवहार झाला. कोहळी समाज यात वाकबगार. कुठं पार घालायची, म्हणजे बांध घालायचा, पाणी सोडायचं तुडूम कुठं ठेवायचं, जादा पाणी कोणत्या बाजूने जाऊ द्यायचं, हे त्यांनी कागदावर रेघ न मारता ठरवलं. पुढे मालगुजार आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणतात, आणि त्याचा छोटा उच्चार झाला ‘मामा तलाव’. मामाच्या घरी भाच्याचे लाड होतात. या मामांची मात्र कुणी फार विचारपूस केली नाही. गाळ साचला, पारीवर झाडं वाढली, तुडुमं बुजली. तलाव बांधून होत नाही, तो दरवर्षी राखावा लागतो. पाण्याचा हा मुद्दा मी मुद्दाम इथं मांडून ठेवतो आहे. गडावर गेल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

आंबागडच्या पायथ्याशी आमचा वाटाड्या उभा होता. जवळच्याच गावचा, गोंड समाजाचा, विशीतला मुलगा. बी. ए. करतो आणि रविवारी येणाऱ्या लोकांना गड दाखवतो. अंगात टी-शर्ट, पायात स्लीपर, आणि बोली अस्सल झाडीची. तिच्यात ‘ण’ नाही की ‘ळ’ नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. मला पाहून म्हणाला, ‘‘काकाजी, काठी घ्या जी. पायऱ्या हायेत, पन लय हायेत.’’ मी काठी घेतली. मग सरांनी सगळ्यांची ओळख करून दिली, माझं नाव सांगितलं. पुढच्या वळणावर तो म्हणाला, ‘‘चाचा, सावकाश या.’’

दहा पायऱ्यांत मी काकाजीचा चाचा झालो होतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट त्याने माझा मान राखला असंच त्याला वाटलं असणार. रागही आला नाही. पण माझ्यासारख्या माणसाच्या कानाला या गोष्टी लागतात, ते काही इलाज नसलेलं दुखणं आहे.

पायऱ्या चढताना तो मुलगा खडकांकडेही बोट दाखवत होता. या डोंगररांगांच्या आसपासच मँगनीजचा पट्टा आहे. फरमोर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने हिंदुस्थानातल्या मँगनीजवर १९०९ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने नाव दिलं ‘गोंडाइट’. गोंडांवरून. आज ब्राझील असो की आफ्रिका, तसा खडक सापडला की भूगर्भाचे अभ्यासक त्याला गोंडाइटच म्हणतात. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो थांबला. ‘‘आमच्या नावाचा दगड हाय? दुसऱ्या देसात?’’ त्याने खिशातून मोबाइल काढून ते नाव लिहून घेतलं, मला दोनदा उच्चार विचारला. मला वडिलांच्या कॉलरवरची भुकटी आठवली.

बुरुजांच्या आडून दरवाजा अचानक समोर येतो. तिथं सावलीत बसून सरांनी राजाखानाची हकिकत सांगितली. बख्त बुलंदने या मुलखावर राजाखान पठाणाला सुभेदार नेमलं आणि त्याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. म्हणजे गड राजाचा, हात खानाचे. नागपूर वसण्याच्या जरा आधी किंवा त्याच सुमारास इथं दगड चढत होते. सिवनीकडच्या इतिहासात एक राजखान पठाण भेटतो. त्याने नुसत्या तलवारीने अस्वल मारलं, ते पाहून राजाने त्याला पदरी ठेवलं आणि डोंगरतालचा कारभार दिला, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याने भंडाऱ्याकडची सानगडी घेतली. हाच आपला राजाखान, असं मी मानतो. अस्वल मला थोडं जास्त वाटतं, पण प्रत्येक घराण्याच्या मुळाशी एखादं अस्वल असतंच.

पुढची हकिकत अस्वलापेक्षा मोठी आहे. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि देवगडच्या गादीचं भांडण सुरू झालं. राणी रतनकुंवरने मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, काम करून, मोबदला घेऊन परत गेले. मग बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह हे दोघे भाऊच एकमेकांवर उठले. पुन्हा रघूजींना बोलावणं गेलं. यावेळी ते परत गेले नाहीत. १७४३ पासून नागपूर भोसल्यांचं झालं. बुऱ्हाणशाहाला त्यांनी मारलं नाही, हाकललं नाही. राजा हे नाव आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवलं. या धामधुमीत राजखानाचा मुलगा महंमदखान देवगडच्या बाजूने सानगडीचा किल्ला तीन वर्षं लढवत होता, असं सांगतात. त्याची निष्ठा पाहून रघूजींनी त्याला निरोप पाठवला की, किल्ला सोड, मी तुला सिवनीचा मुलूख देतो. त्याने किल्ला सोडला आणि तो सिवनीचा दिवाण झाला. पठाण गोंड राजासाठी मराठ्याशी लढला, मराठ्याने त्याची इमानदारी हेरून त्यालाच चाकरीत घेतलं. आमच्या सातवीच्या वर्गात ही गोष्ट कुणी सांगितली असती, तर मी ती कुणाच्या बाजूने ऐकली असती कोण जाणे.

मग आम्ही आत गेलो. पडकी जोती, झाडांच्या मुळांनी फोडलेल्या भिंती, तटावरून दिसणारा धानाचा पिवळा पसारा. आणि विहीर. मला तीच पाहायची होती.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये या विहिरीविषयी लिहिलं आहे. भोसल्यांच्या अमलात किल्ल्याचा तुरुंग झाला आणि आतल्या विहिरीचं साचलेलं, सडलेलं पाणी कैद्यांना प्यायला लावून त्यांना मारत, असं त्यात म्हटलं आहे. सरांनी हे वाचून दाखवलं आणि मी विहिरीच्या काठाशी उभा राहून हिशेब केला. किल्ला बांधला १७०० च्या सुमारास. भोसल्यांचा अंमल १७४३ पासून. म्हणजे गुरुजींच्या दोन वाक्यांच्या मध्ये किमान चाळीस वर्षं होती, एक मेलेला राजा होता, दोन भांडणारे राजपुत्र होते, एक उलटलेलं राज्य होतं. गुरुजींनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. दोन्ही वाक्यं पुस्तकातली. त्यांनी फक्त मधली चाळीस वर्षं गाळली होती, तीही बहुधा तास संपत आला म्हणून.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना थोडी लाज वाटते. पण ते सांगायचं नसेल तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. पोटातून झाला. विष आमचं नव्हतं! ज्याने बांधला त्याने पाजलं नाही, ज्यांनी पाजलं ते दुसरे होते! सातवीतल्या त्या सगळ्या माना आठवल्या आणि वाटलं, आता एकेकाला गाठून सांगावं. मिनिटभर मी त्या आनंदात होतो. मग विहिरीत डोकावलो आणि मनात आलं, मी इथं माणसं मेली त्या जागी उभा आहे आणि ती कुणाच्या खात्यावर लिहायची याचा हिशेब जमला म्हणून खूश होतो आहे. त्या कैद्यांची नावं काय होती? गोंड होते, कुणबी होते, पठाण होते, पेंढारी होते? त्यांच्याविषयी गॅझेटियरमध्ये एक अक्षर नाही. मी ‘आमचे’ कुणाला म्हणत होतो? जिवंतपणी ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा एका सुभेदाराला, की तहान लागली म्हणून ते पाणी प्यालेल्या माणसाला?

शिवाय हे गॅझेटियरही सांभाळून वाचावं लागतं. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्यानंतर साहेबांनी लिहिलेल्या पुस्तकात आधीचे राज्यकर्ते क्रूर असणं साहेबांच्या सोयीचंच होतं. कैद ही तिथं असणारच, तो काळच तसा होता. पण मुद्दाम विष म्हणून पाणी पाजत होते की कैद्यांना दुसरं पाणीच दिलं जात नव्हतं, हे सांगणारा साक्षीदार कुणी नाही.

डोंगरावरच्या पाण्याचं असं असतं की, ते पावसाचं पाणी. साठवलं तर मिळतं. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढायचा, काठाची झाडं तोडायची, पाला पडू द्यायचा नाही, उपसा चालू ठेवायचा. गडावर शिबंदी राहते, बायका-मुलं राहतात, तोवर हे सगळं होतं, कारण ते पाणी त्यांनाच प्यायचं असतं. गडावरची वस्ती उठली आणि फक्त कैदी आणि पहारेकरी उरले की, पाणी राखायला कोण राहणार? पहारेकऱ्याचं पाणी खालच्या गावातून वर येत असेल. पाणी सडवावं लागत नाही. उपसायचं थांबलं की ते आपोआप सडतं. मग हगवण, मग ताप. फाशी नको, तलवार नको, कुणाच्या हातावर रक्त नको. योगायोग असा की, ज्या १८५४ साली नागपूर खालसा झालं, त्याच साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा डॉक्टर एका हापशाच्या पाण्याने कॉलरा पसरतो हे लोकांना पटवून देत होता आणि त्याचं म्हणणं तिथल्या शहाण्यांनाही लवकर पटत नव्हतं. त्याआधीच्या आंबागडच्या किल्लेदाराला रोगजंतू ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण हे पाणी प्यालेली माणसं उठत नाहीत, एवढं त्याला दिसत असणार. आणि तो तेच पाणी देत राहिला. माझ्या मते गुन्हा तिथं आहे. त्याला विष म्हणा की म्हणू नका.

आमचा वाटाड्या मुलगा विहिरीत खडे टाकत होता. सरांनी त्याला विचारलं, ‘‘तू लोकांना काय सांगतोस या विहिरीबद्दल?’’ तो म्हणाला, ‘‘जसे लोक तसं सांगतो जी. कोनी म्हनते पठानानं मारले, कोनी म्हनते इंग्रजानं मारले. जे आइकाले आले ते सांगाव लागते.’’ सगळे हसले. मग त्याने विचारलं, ‘‘खरं काय हाय?’’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला जमेल तसं सांगितलं : गड तुझ्या राजाचा, बांधणारा राजाखान, तुरुंग भोसल्यांच्या काळात, लिहून ठेवलं इंग्रजांनी, आणि मेले त्यांची नावं नाहीत. त्याने तेही मोबाइलवर लिहून घेतलं. म्हणाला, ‘‘लय लंब हाय हे. लोक येवढं आइकत नाहीत.’’ त्याचं बरोबर होतं. उन्हात उभं राहून दोन वाक्यंच ऐकली जातात.

उतरताना माझा उजवा गुडघा बोलू लागला. पट्टा बांधला. तो मुलगा पुढे न पळता माझ्यासोबत एकेक पायरी उतरत होता. त्याने मला त्यांच्या गावच्या तलावाची गोष्ट सांगितली. दरवर्षी पारीवरची झुडपं काढतात, तुडुमाच्या तोंडाशी साचलेला गाळ काढतात, यंदा त्याचीही पाळी होती, दोन दिवस कंबर धरली होती. ‘‘नाही केलं तं काय होते?’’ मी त्याच्याच बोलीत विचारलं. ‘‘पानी वास मारते,’’ तो म्हणाला, ‘‘ढोरं पन पेत नाहीत.’’

गावात आलो तेव्हा चार वाजले होते. एका घरासमोर धानाचे भारे रचलेले, दुसऱ्या घरासमोर खाटेवर एक म्हातारी. आमच्यातल्या बायका तिच्याशी बोलत बसल्या, कारण गडापेक्षा तिचं परसातलं वालाचं वेल त्यांना जास्त आवडलं. चहाच्या टपरीवर आम्ही डबे सोडले. बायकोने दिलेली पोळी आणि वांग्याची भाजी मी मुलाला दिली, त्याने मला मोहाची सुकलेली फुलं दिली. चवीला मनुकांसारखी, मागून जरा उग्र.

निघताना मुलाने एक वही पुढे केली. येणाऱ्यांची नावं तो लिहून घेतो. वरच्या ओळींत नागपूर, नागपूर, वर्धा, पुन्हा नागपूर. मी नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात हात थोडा थांबला. तीस वर्षं नागपुरात राहतो, आधार कार्डावर नागपूर आहे. मी तुमसर लिहिलं.

त्याने वही उलटी करून वाचलं. ‘‘तुमसरचे होय जी, काकाजी? मंग त गड पाह्यलाच असन तुमी लहानपनी.’’

‘‘नाही रे,’’ मी म्हणालो. ‘‘आजच पाह्यला.’’